नाम आणि उद्देश्य : मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवितांना



इंग्रजी व्याकरणाच्या अगदीं पहिल्या पायरीवरील दोन गोष्टींविषयीं आज मी बोलणार आहें. एक ‘नाउन’ म्हणजे नाम, आणि दुसरी ‘सब्जेक्ट’ म्हणजे उद्देश्य. विषय इतका प्राथमिक कीं, सुशिक्षित श्रोत्यांपुढें तो मांडावा तरी कशाला, असें कोणास वाटेल. परंतु ज्याचा जन्म प्राथमिक शाळेंत गेला त्याला ठाऊक असतें कीं, मुलांचें अडतें तें पुढच्या अवघड धड्यांत नव्हे, तर या पहिल्या दोन शब्दांपाशींच. आणि तेथें बसलेली गांठ दहावीपर्यंत सुटत नाहीं. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य आहें. तेव्हां भाषाशास्त्राचा पंडित म्हणून नव्हे, तर मुलें नेमकीं कोठें अडखळतात हें रोज पाहिलेला मास्तर म्हणून माझें बोलणें ऐकावें.

महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून मराठी शाळांतूनही पहिलीपासूनच इंग्रजी शिकविलें जाऊं लागलें. शहरांतील पुष्कळ घरांतून तर मुलें इंग्रजी माध्यमाच्याच शाळेंत जातात. त्यांचा अभ्यास घेणारी आई किंवा आजोबा मात्र कित्येकदां मराठी शाळेंत शिकलेले असतात. ‘आमचें इंग्रजी बेताचें, आम्ही यांत काय सांगणार?’ असें म्हणून हीं मंडळी वही मिटतात आणि मुलाला शिकवणीला पाठवितात. मला सांगावयाचें आहे तें याच्या उलट. या दोन गोष्टी समजावून देण्यास लागणारें निम्मेंअधिक साहित्य आपल्या घरच्या मराठींत पडलेलें आहे, आणि तें मुलाच्या जिभेवर आधींपासून आहे.

प्रथम नामाकडे वळूं. ‘मनुष्य, स्थळ किंवा वस्तु यांच्या नांवाला नाम म्हणतात,’ ही व्याख्या मुलें पोपटासारखी म्हणतात. ‘बॉय’, ‘पूना’, ‘टेबल’ यांपुरती ती ठीक चालते. पण ‘ऑनेस्टी’ ही कोणती वस्तु? ‘अरायव्हल’ म्हणजे आगमन; ती तर क्रिया आहे. ‘मंडे’ हें ना मनुष्य, ना स्थळ. मग कोणी व्याख्येला ‘गुण’ जोडतो, कोणी ‘भावना’ जोडतो, आणि ठिगळें लावतां लावतां मूळ कापड दिसेनासें होतें. हुशार मूल येथेंच विचारतें, ‘गुरुजी, गोड हाही गुणच ना? मग “स्वीट” हें नाम कां नाहीं?’ त्याचा प्रश्न बिनतोड आहे. व्याख्या अर्थावर उभी केली कीं हें असें होणारच.

आपल्याकडील प्राचीनांनीं हा पेंच ओळखला होता. यास्कानें निरुक्तांत पदांचे चार वर्ग केले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आख्यातांत क्रियेचा प्रवाह मुख्य, नामांत सत्त्व मुख्य, असा भेद त्यानें केला. आणि लगेच हेंही सांगितलें कीं, जाणें, शिजविणें यांसारखी क्रियाच जेव्हां आरंभापासून शेवटापर्यंत एक गोळा होऊन मूर्त झाल्यासारखी बोलली जाते तेव्हां तिलाही नामाचेंच रूप येतें. ग्रीकांचें म्हणाल, तर डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नांवावर चालत आलेल्या व्याकरणांत शब्दांच्या आठ जाती आहेत आणि नाम पहिलें आहे. आमच्या शाळेंतील पुस्तकें नामापासून सुरू होतात ती वहिवाट तेथपर्यंत मागें जाते. गंमत अशी कीं, त्या जुन्या परंपरेंत विशेषण हेंही नामाच्याच पोटांत असे. जुने इंग्रज वैयाकरण ‘नाउन सब्स्टँटिव्ह’ आणि ‘नाउन अ‍ॅड्जेक्टिव्ह’ असे दोन प्रकार सांगत. तेव्हां ‘स्वीट हें नाम कां नाहीं?’ असें विचारणारा मुलगा काहीं शतकें अगोदर जन्मता तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते!

मग करावें काय? शब्दाचा अर्थ विचारण्याऐवजीं शब्द वागतो कसा तें पाहावें. अमेरिकेंत चार्ल्स फ्रीझ नांवाच्या प्राध्यापकानें लोकांचें टेलिफोनवरील बोलणें ध्वनिमुद्रित करून त्याच्या आधारें इंग्रजी वाक्यरचनेवर एक ग्रंथ लिहिला. तो १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें जुन्या व्याख्या बाजूला ठेवल्या, वाक्यांत एक जागा रिकामी ठेवली, आणि त्या जागेंत जे शब्द बसतात ते एका वर्गाचे असें धरलें. हें घरीं सहज करतां येतें. ‘द अमुक वॉज गुड’ असें वाक्य घ्यावें आणि ‘अमुक’च्या जागीं शब्द घालून पाहावे. ‘द फूड वॉज गुड’ चालतें, ‘द अरायव्हल वॉज गुड’ ऐकायला जरा चमत्कारिक पण चालतें. ‘द वेंट वॉज गुड’ मात्र कोणाच्याही कानाला खटकतें. कांहीं नामें या जागेंत बसावयास कुरकुरतात. विशेषनामांच्या मागें ‘द’ लागत नाहीं. पण मुलाला पकड येण्यास एवढें पुरतें.

याहूनही चांगली कसोटी आपल्या मराठींत आहे. तिचें नांव सामान्यरूप. मराठी नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वीं तें आपलें अंग बदलतें : घोडा – घोड्याला, शाळा – शाळेंत, धांवणें – धांवण्यानें, खरेपणा – खरेपणाला. जो शब्द या सांच्यांतून निघतो तो नामासारखा वागतो. सर्वनामें याच रांगेंत बसतात, आणि ‘गरिबाला’ म्हटलें कीं विशेषणही नाम होऊन येतें. पण तो दोष नव्हे, इंग्रजींतही ‘द पुअर’ म्हणतात तें असेंच. मुलाला ‘अरायव्हल’ नाम कां, हें कळत नसेल तर त्याला त्याचें मराठी करावयास सांगा. ‘येणें’, ‘आगमन’. त्याला प्रत्यय लाव. ‘येण्यानें’, ‘आगमनाला’. लागला ना? मग झालें. यांत ‘सत्त्व’, ‘भाव’ कांहींएक सांगावें लागत नाहीं.

मुलांना हें शिकवावें लागतें असें कोणी समजूं नये. तें त्यांना येतच असतें. १९५८ सालीं जीन बर्को या अमेरिकन विदुषीनें एक साधा प्रयोग केला. लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचें चित्र दाखवून त्याचें नांव ‘वग’ म्हणून सांगितलें, आणि मग दोन प्राणी दाखवून विचारलें, आतां हे काय? हा शब्द पूर्वीं कोणीच ऐकलेला नव्हता. तरी चार ते सात वर्षांचीं बहुतेक मुलें ‘वग्ज’ असें बोलून मोकळीं झालीं. आपण मराठींत करून पाहा. घरांतल्या लहानग्याला म्हणा, ‘हा बघ एक ठुमडा.’ मग विचारा, असे दोन असले तर? तो म्हणेल, ‘दोन ठुमडे.’ कोणाच्या पाठीवर बसूं या? ‘ठुमड्याच्या!’ ठुमडा म्हणजे काय हें त्याला ठाऊक नाहीं, आपल्यालाही नाहीं. पण तें नाम आहे याविषयीं त्याच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. ज्याला एवढें कळतें त्याला व्याकरण येत नाहीं असें म्हणणें हा त्याच्यावर अन्यायच होय.

इंग्रजींत मात्र एक पेंच मराठीहून मोठा आहे. तेथें एकच शब्द, रूपांत कांहींही फरक न होतां, आज नाम तर उद्यां क्रियापद होतो. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, आणि ‘वॉटर द प्लँट्स’ म्हणजे झाडांना पाणी घाल. म्हणून एकट्या शब्दावर बोट ठेवून ‘हें काय?’ असें मुलाला कधीं विचारूं नये. मराठींतही ‘हा खेळ चांगला आहे’ आणि ‘बाळ, तूं खेळ’ यांत ‘खेळ’ एकच, पण कामें दोन. आधीं हीं दोन वाक्यें मुलाकडून फोडून घ्यावीं आणि मग ‘वॉटर’कडे यावें. वाटेंत मराठी पायरी ठेवली कीं पाय घसरत नाहीं.

वचनाविषयीं थोडें सांगतों, कारण तेथें घरच्या भाषेची संवय आड येते. आपण तांदूळ निवडले म्हणतों, पोहे केले म्हणतों, केस विंचरले म्हणतों, सगळीं अनेकवचनें. इंग्रजींत ‘राइस’ आणि ‘हेअर’ हीं बहुधा एकवचनीं. उलट आपली एक कात्री, एक विजार, एक चष्मा. त्यांचे तेथें ‘सिझर्स’, ‘ट्राउझर्स’, ‘स्पेक्टॅकल्स’. मूल ‘द हेअर्स आर लाँग’ म्हणतें तें अडाणीपणानें नव्हे. आईनें शिकविलेल्या भाषेशीं तें इमानानें वागत असतें. ‘बाबा आले’ यांतील आदरार्थीं बहुवचनही असेंच इंग्रजींत शिरतें आणि मूल ‘माय फादर आर’ लिहून जातें. त्याच्या संस्कारांचें कौतुक करावें, आणि इंग्रजाला वडिलांविषयीं आदर असला तरी तो क्रियापदांत दाखवीत नाहीं, एवढें सांगावें.

आतां उद्देश्य. खरा घोटाळा आहे तो येथें.

पहिला घोटाळा असा कीं, मुलें नाम आणि उद्देश्य हीं एकच समजतात. नाम हा नट आहे. उद्देश्य ही भूमिका आहे. एकच नट आज राजा होतो, उद्यां शिपाई होतो. ‘कुत्रा माणसाला चावला’ आणि ‘माणसाला कुत्रा चावला’ यांत शब्दांची अदलाबदल झाली तरी चावा कुत्र्याचाच राहतो, कारण ‘ला’ हा प्रत्यय माणसाला चिकटून बसला आहे. मराठींत नटाच्या अंगावर पोशाख असतो. तो रंगभूमीवर कोठेंही उभा राहिला तरी ओळखूं येतो. इंग्रजींत बहुतेक नटांना पोशाखच नाहीं. कोण कोठें उभा आहे यावरूनच भूमिका ओळखावयाची. ‘द डॉग बिट द मॅन’ याची ‘द मॅन बिट द डॉग’ अशी उलटापालट केली कीं चावणारा बदलतो. पोशाख उरला आहे तो थोड्या सर्वनामांपुरता : ‘आय’ आणि ‘मी’, ‘ही’ आणि ‘हिम’, ‘दे’ आणि ‘देम’.

दुसरा घोटाळा अधिक खोल आहे, आणि तो मास्तरांनींच पसरविला आहे. ‘सब्जेक्ट म्हणजे कर्ता, क्रिया करणारा’ असें आपण सांगतों. मराठी व्याकरणावर संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्हींकडच्या विचारांचा ठसा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण १८३६ चें, मोरो केशव दामल्यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चें. आपल्याकडे कर्ता हा शब्द कारकविचारांतून आलेला. पाणिनीच्या मतें क्रियेच्या बाबतींत जो स्वतंत्र तो कर्ता; मग त्याचा प्रत्यय कोणताही असो, क्रियापद त्याच्याप्रमाणें चालो वा न चालो. इंग्रजी ‘सब्जेक्ट’ ही निराळी गोष्ट आहे. ज्याच्याविषयीं वाक्य कांहीं सांगतें आणि ज्याच्याशीं क्रियापदाची गांठ असते, तो सब्जेक्ट. त्याला वाक्यपृथक्करणांत उद्देश्य असा उत्तम शब्द आपल्याकडे आहेच, तोच वापरावा.

‘रामानें आंबा खाल्ला, रामानें चिंच खाल्ली, रामानें फळ खाल्लें.’ कर्ता राम. पण क्रियापद मान डोलवितें तें आंब्याकडे, चिंचेकडे, फळाकडे पाहून. हा आपला कर्मणि प्रयोग. इंग्रजींत ‘राम ईट्स मँगोज’ आणि ‘बॉईज ईट मँगोज’. क्रियापद पाहतें तें खाणाराकडे. आतां ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ हें वाक्य घ्या. खाणारा राम, परंतु उद्देश्य ‘द मँगो’. आमच्या शेजारच्या एका पांचवीच्या मुलानें असल्याच एका वाक्यांत ‘द मँगो’खालीं रेघ मारली होती. शाळेंत ती लाल शाईनें खोडली गेली आणि वर ‘राम’ लिहिलें गेलें, कारण ‘खाणारा तो’. मुलाचें उत्तर बरोबर होतें. घरीं त्यानें आईला विचारलें. ती म्हणाली, ‘बाईंनीं लिहिलें तेंच खरें असेल.’ तेव्हांपासून तो पोरगा वाक्य न वाचतांच पहिलें दिसेल त्या माणसाच्या नांवाखालीं रेघ मारूं लागला, आणि त्याला बहुतेक वेळां गुणही मिळूं लागले. एक गुण गेला याचें दुःख नाहीं. दहा वर्षांच्या मुलानें स्वतः पाहून, विचार करून उत्तर काढलें, आणि त्यापासून तो शिकला तें हें कीं, या विषयांत डोकें चालवावयाचें नसतें. इंग्रजीची भीति म्हणतात ती अशा ठिकाणीं जन्मास येते.

तेव्हां उद्देश्य ओळखण्याची अर्थावर न विसंबणारी रीत मुलाच्या हातीं द्यावी. ती सोपी आहे : वाक्याचा प्रश्न करावा. ‘द बॉईज इन द गार्डन आर प्लेइंग.’ याचा प्रश्न होतो, ‘आर द बॉईज इन द गार्डन प्लेइंग?’ ‘आर’नें उडी मारली आणि तें पुढें येऊन बसलें. ज्या शब्दांवरून त्यानें उडी मारली ते सगळे मिळून उद्देश्य. केवळ ‘बॉईज’ नव्हे, तर ‘द बॉईज इन द गार्डन’. मुलांना ही उडी फार आवडते. वर्गांत मीं शब्दांच्या पाट्या मुलांच्या हातीं देऊन त्यांना ओळींत उभें करीत असें, आणि ‘आर’ झालेला मुलगा खरोखरच ओळीच्या मागून पुढें धांवत येई. जेथें साहाय्यक क्रियापद नाहीं तेथें ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ येतात : ‘द कुक्स डॉटर सिंग्ज वेल’ याचा ‘डज द कुक्स डॉटर सिंग वेल?’ ‘डज’ आणि ‘सिंग’ यांच्यामध्यें सांपडलें तें उद्देश्य. मग पडताळा म्हणून त्या सबंध शब्दसमूहाच्या जागीं ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा ‘दे’ घालून पाहावें. वरच्या आंब्याच्या वाक्याचें ‘वॉज द मँगो ईटन बाय राम?’ असें करून दाखविलें असतें, तर लाल शाईला जागाच उरली नसती.

या रीतीचा आणखी एक लाभ असा कीं, ‘द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी’ ही नेहमींची चूक आपोआप थांबते. ‘मँगोज’ क्रियापदाच्या अगदीं शेजारीं बसलेले असतात म्हणून मूल ‘आर’ लिहितें. समूहाच्या जागीं सर्वनाम घाल म्हटलें कीं तें ‘इट’ घालतें, पेटी एक आहे हें त्याच्या ध्यानांत येतें आणि ‘इज’ लिहिलें जातें.

आतां आपल्या आणि इंग्रजांच्या बोलण्यांतील एक मोठा भेद. आपण म्हणतों, ‘मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला आंबा आवडतो, मला वाटतें.’ भूक लागते, थंडी वाजते, आंबा आवडतो. माणूस बिचारा ‘ला’ लावून एका बाजूस बसलेला. इंग्रज माणसाला उचलून उद्देश्याच्या पाटावर बसवितो : ‘आय अ‍ॅम हंग्री, आय फील कोल्ड, आय लाइक मँगोज, आय थिंक.’ पण इंग्रजांचे पूर्वज आपल्यासारखेंच बोलत. ‘लाइक’ या क्रियापदाचा प्राचीन इंग्रजींत अर्थ ‘आवडणें, रुचणें’ असा होता, आणि ज्याला आवडावयाचें तो चतुर्थींत असे. ‘मीथिंक्स’ हा जुना शब्द शेक्सपिअरच्या नाटकांतून आढळतो; तो म्हणजे अक्षरशः आपलें ‘मला वाटतें’. पुढें इंग्रजीचे प्रत्यय झिजले, जागेला महत्त्व आलें, आणि माणूस पुढें सरकला. हें मुलांना सांगितलें कीं आपली वाक्यरचना वेडीवांकडी आहे असें त्यांना वाटत नाहीं.

शेवटचा भेद रिकाम्या जागेचा. मराठींत क्रियापदच कर्त्याची खूण सांगतें, म्हणून ‘उद्यां येतों’ म्हटलें तरी चालतें. ‘उजाडलें’, ‘सांजावलें’ हीं तर एकेका शब्दाचीं पुरीं वाक्यें. तेथें कर्ता शोधूं गेल्यास तो सांपडत नाहीं, म्हणून अशा क्रियापदांना आपण भावकर्तृक म्हणतों. इंग्रजींत आज्ञा सोडली, तर उद्देश्याची जागा रिकामी ठेवण्याची सोय नाहीं. सांगण्यासारखा कोणी नसेल तर तेथें ‘इट’ हा बुजगावणें म्हणून उभा करतात : ‘इट इज रेनिंग, इट इज टेन ओक्लॉक.’ हा ‘इट’ कोण, असें मूल विचारतेंच. ‘कोणी नाहीं, जागा रिकामी राहूं नये म्हणून उभा केलेला आहे,’ हेंच खरें उत्तर. ‘इट म्हणजे आभाळ’ असलें कांहींतरी सांगून वेळ मारून नेऊं नये.

असेंच दुसरें बुजगावणें ‘देअर’. ‘देअर आर टू मँगोज इन द बास्केट.’ येथें आपल्या कसोट्याच एकमेकींशीं भांडतात. उडीची कसोटी लावली तर ‘आर देअर टू मँगोज?’ असें होतें, म्हणजे उडी ‘देअर’वरून, पण ‘आर’ हें अनेकवचन पाहतें तें ‘टू मँगोज’कडे. जुनीं शालेय पुस्तकें ‘टू मँगोज’ हेंच उद्देश्य मानीत आलीं आहेत. उलट २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या हडल्स्टन आणि पुलम यांच्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणांत ‘देअर’ला उद्देश्याचें स्थान दिलें आहे आणि आंबे आपल्या जागेवरून हलविलेले मानले आहेत. परीक्षेंत पुस्तकाला मानेल तें उत्तर लिहावें, हें मुलाला सांगून ठेवावें. पण घरच्या वहींत त्यानें ‘देअर’खालीं रेघ मारलेली दिसली, तर आधीं कारण विचारावें, आणि त्यानें उडी मारून दाखविली तर ती रेघ खोडूं नये.